प्रकाश स्वस्त, कला महाग

आश्विनाच्या अखेरीस घराघरांच्या दारी आकाशकंदील चढतात, कार्तिकी पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा उजळतात, मार्गशीर्षात नाताळच्या चांदण्या खिडक्यांत झळकू लागतात आणि इंग्रजी वर्षाच्या अखेरच्या रात्री शहरांतील हमरस्ते दिव्यांनी न्हाऊन निघतात. थंडीचे हे दोन-अडीच महिने म्हणजे आपल्याकडे दिव्यांचे आणि कलांचे महिने होत. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, दिवाळी पहाटेच्या मैफली, मुलांचे मातीचे किल्ले, दिवाळी अंक असा सारा पसारा याच दिवसांत मांडला जातो. त्यामुळे या काळाला उत्सवाचा हंगाम म्हणावयास हरकत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या हंगामाचे रूप एका बाजूने झपाट्याने बदलत आहे. दिवे अनेक पटींनी वाढले, आणि दिवे करणारे हात मात्र कमी झाले. रोषणाई ही लोकांनी करावयाची गोष्ट न राहता लोकांनी पाहावयाची गोष्ट होऊ लागली आहे.

हा बदल केवळ अभिरुचीचा असता तर त्याची चर्चा रसिकांवर सोपविता आली असती. पण त्यात सार्वजनिक पैसा गुंतलेला आहे. चौक, पूल, दुभाजक आणि झाडे यांच्यावर चढविल्या जाणाऱ्या दिव्यांचा खर्च नगरपालिका व महानगरपालिका करतात, म्हणजेच करदाते करतात. त्याच संस्थांच्या शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल किंवा त्यांच्या नाट्यगृहाचे भाडे हौशी मंडळांना परवडत नसेल, तर या दोन गोष्टींचा एकत्र विचार करणे भाग पडते. उत्सवातील प्रकाशावर सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, आणि करावा तर तो नेमका कशावर करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो.

जेव्हा प्रकाश महाग होता

आपल्या पूर्वजांनी दीपमाळा उभारल्या त्या काळी प्रकाश ही अत्यंत महाग वस्तू होती. जेजुरीच्या गडावर भक्तांनी बांधलेल्या दगडी दीपमाळा किंवा गोव्यातील मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आज पाहताना त्यांच्या शिल्पाकडे लक्ष जाते. पण त्यांच्यामागची आर्थिक व्यवस्थाही तितकीच लक्षणीय आहे. घरात संध्याकाळी एक पणती लावतानाही गृहिणीला तेलाचा हिशेब ठेवावा लागत असे. अशा वेळी शेकडो पणत्या एकाच रात्री पेटविणे हे एका घराचे काम नव्हते. दीपमाळ बांधण्याचा खर्च एखादा दाता करी, तेल-वाती गावाकडून येत आणि हे सारे वर्षातील मोजक्याच तिथींना घडे. त्रिपुरी पौर्णिमेचे अप्रूप या दुर्मीळतेत होते. एरवी अंधारात असलेले गाव एका रात्रीपुरते उजळून निघे, आणि त्या उजेडात आपल्याही घरची चमचाभर तेलाची धार आहे, ही जाणीव प्रत्येकाला असे.

प्रकाश किती महाग होता आणि किती स्वस्त झाला याचा हिशेब अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९९० च्या दशकात मांडला. पुढे २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते हवामानबदलाच्या अर्थशास्त्राबद्दल. पण प्रकाशाच्या किमतीवरील त्यांचा हा निबंधही तितकाच विचारप्रवर्तक आहे. विजेचा एक साधा दिवा तासाभरात जेवढा प्रकाश देतो, साधारण तेवढा प्रकाश विकत घेण्यासाठी सामान्य मजुराला किती वेळ राबावे लागे, असा प्रश्न त्यांनी विचारला. १८०० च्या सुमारास, चरबीच्या मेणबत्तीच्या काळात, याचे उत्तर पाच तासांहून अधिक असे होते. १९९२ मध्ये तेच उत्तर अर्ध्या सेकंदाहूनही कमी झाले. मानवी श्रमांच्या मापाने इतकी स्वस्त झालेली दुसरी वस्तू सहज सापडणार नाही.

सणाच्या रोषणाईचा आधुनिक इतिहास या स्वस्ताईचाच इतिहास आहे. १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले, तेव्हा ती श्रीमंती नवलाई होती. पुढे शंभर वर्षांत ती मध्यमवर्गाच्या घरी आली. त्यानंतरचे मोठे पाऊल एलईडी दिव्याचे. निळा प्रकाश देणारा एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. भारतात २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली कोट्यवधी एलईडी बल्ब वाटले गेले आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आज १० वॅटची एक माळ रोज सहा तास याप्रमाणे महिनाभर लावली तरी वीज लागते १.८ युनिट. युनिटचा दर ८ रुपये धरला तर साडेचौदा रुपयांच्या आत महिनाभराची रोषणाई होते.

कोणतीही वस्तू अशी स्वस्त झाली की तिचा वापर कमी खर्चात भागविला जात नाही. उलट वापरच बेसुमार वाढतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशासंबंधी हे दाखवून दिले होते. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. दिव्यांचे नेमके तेच झाले. एका बल्बच्या विजेत सहा माळा जळू लागल्या तेव्हा एका माळेवर थांबण्याचे कारण उरले नाही. दिवाळीत लावलेली माळ नाताळपर्यंत राहू लागली आणि नाताळची वर्षभर.

जे महागले ते काय?

प्रकाश स्वस्त झाला तरी उत्सवाचा दुसरा घटक स्वस्त झालेला नाही. तो घटक म्हणजे माणसाचे हात आणि माणसाचा वेळ. बांबूच्या कामट्या तासून, त्यांचा सांगाडा बांधून, त्यावर खळीने रंगीत कागद चिकटवून, करंज्या व झिरमिळ्या लावून कंदील तयार करण्यास पन्नास वर्षांपूर्वी तीन तास लागत असतील तर आजही तीनच तास लागतात. दिवसाची मजुरी ६०० रुपये आणि दिवस आठ तासांचा धरला तर तीन तासांच्या श्रमांची किंमत २२५ रुपये होते. महिनाभराच्या विजेच्या ती पंधरा पटींहून अधिक आहे. मजुरीचे दर वाढतील आणि दिवे आणखी स्वस्त होतील तसतसे हे अंतर रुंदावतच जाईल.

बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगशील कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य विचार सोपा आहे. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन दरवर्षी वाढत जाते आणि त्यामुळे वेतने वाढतात. पण चार वादकांनी वाजवावयाची रचना वाजविण्यास आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. साहजिकच इतर वस्तूंच्या तुलनेत कला दरवर्षी महाग होत जाते. यात कलावंताचा दोष नाही, रसिकाचाही नाही. हा दोन प्रकारच्या श्रमांतील फरक आहे. हौशी नाटकाची तालीम, भजनी मंडळाचा सराव, कंदील बांधणे, किल्ला करणे या सर्व गोष्टी याच वर्गात मोडतात. त्यांना वेळ लागतो, आणि वेळ हीच आज सर्वांत महाग वस्तू आहे.

म्हणून बाजारावर सारे सोपविले तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जे स्वस्त आहे ते वाढेल, जे महाग आहे ते आटेल. माहीमच्या कंदील गल्लीत आजही हातांनी केलेले कंदील मिळतात आणि ते पाहण्यास लोक मुद्दाम जातात. पण गल्लोगल्ली साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या कंदिलांचे ढीग लागलेले असतात, हेही खरे. ज्या कुटुंबाचे उत्पन्न मोजके आहे त्याने स्वस्त कंदील घेतला तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न कुटुंबाच्या निवडीचा नाही. बाजार स्वतःहून जे भरपूर पुरवितो त्याच वस्तूवर सार्वजनिक संस्थांनी पुन्हा पैसा ओतावा काय, हा प्रश्न आहे.

दीपगृहाचा धडा

अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दीपगृहाचे उदाहरण ठाऊक असते. समुद्रातील दिव्याचा लाभ प्रत्येक जहाजाला होतो. एका जहाजाने तो घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला त्यापासून वंचितही ठेवता येत नाही. म्हणून अशा सेवेची तरतूद शासनाने करावी, असे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये प्रतिपादिले. सार्वजनिक वस्तूंची आधुनिक व्याख्या १९५४ मध्ये सॅम्युएलसन यांनी दिली. पुढे १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी इंग्लंडचा प्रत्यक्ष इतिहास तपासून दाखविले की तेथील कित्येक दीपगृहे खाजगी व्यक्तींनी बांधली होती आणि त्यांचा खर्च बंदरात जहाजांकडून वसूल केला जात असे. वादाचा निष्कर्ष काहीही निघो, त्यातून एक गोष्ट पक्की होते. दिवा सर्वांचा आहे एवढ्यावरून त्याचा खर्च कोणी व कसा करावा हे आपोआप ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष व्यवस्था तपासावी लागते.

उत्सवाच्या रोषणाईसंबंधी अशा तीन व्यवस्था जगात पाहावयास मिळतात. पहिली इंग्लंडच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाची. तेथे १८७९ मध्ये किनाऱ्यावर विजेचे आठ मोठे दिवे लावून लोकांना थक्क केले गेले, आणि पुढे उन्हाळा संपल्यावरही प्रवासी यावेत म्हणून शरद ऋतूत रोषणाई करण्याची प्रथा पडली. येथे हेतू उघड आहे. हंगाम लांबवावयाचा, खोल्या भरावयाच्या. गावाची उपजीविकाच पर्यटनावर असल्यामुळे नगरपालिकेने त्यासाठी खर्च करणे हा एक सरळ व्यवहार आहे आणि त्याचा जमाखर्च तपासता येतो.

दुसरी व्यवस्था जपानमधील कोबे शहराची. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात ६,४३४ लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मृतांच्या स्मरणार्थ आणि उद्ध्वस्त शहराला धीर देण्यासाठी इटालियन परंपरेतील दिव्यांच्या भव्य कमानी उभारण्यात आल्या. ‘कोबे ल्युमिनारिए’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम एकदाच व्हावयाचा होता. परंतु अंधाऱ्या शहरातील तो उजेड पाहण्यास सुमारे २५ लाख लोक आले आणि नागरिकांच्या आग्रहामुळे तो दरवर्षी होऊ लागला. पुढे पैशाची चणचण भासू लागली तेव्हा आयोजकांनी येणाऱ्या प्रत्येकाला १०० येन देण्याचे आवाहन केले. दिवस कमी केले. महामारीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे तो होऊ शकला नाही आणि २०२४ मध्ये तो जानेवारीत, भूकंपाच्या स्मरणदिनाच्या जवळ, नेण्यात आला. काही भागासाठी तिकीटही लावण्यात आले. दिव्यांमागचा अर्थ लोकांना ठाऊक असेल तर ते खिशात हात घालतात, हे कोबेने दाखविले. परंतु नुसत्या स्वेच्छेवर भव्यता टिकत नाही, हेही त्याच उदाहरणाने दाखविले.

खिडकीतील मेणबत्ती

तिसरे उदाहरण फ्रान्समधील लियाँ शहराचे असून ते सर्वांत बोलके आहे. १८५२ मध्ये फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीमातेच्या मूर्तीची स्थापना व्हावयाची होती. नदीच्या पुरामुळे सप्टेंबरातील समारंभ पुढे ढकलून ८ डिसेंबरला ठरविण्यात आला. त्या दिवशीही वादळ झाले आणि संध्याकाळची आतषबाजी होणार नाही असे दिसू लागले. तेव्हा आकाश निवळताच नागरिकांनी कोणाच्याही सांगण्यावाचून आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर ८ डिसेंबरला काचेच्या लहान पेल्यांत मेणबत्त्या लावण्याचा प्रघात पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेने त्याला भव्य प्रकाशमहोत्सवाचे रूप दिले. जगभरातील कलावंत तेथे इमारतींवर प्रकाशचित्रे रंगवितात आणि लाखो प्रवासी येतात. शहराला त्याचा आर्थिक लाभ होतो, यात शंका नाही.

पण १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर दहशतवादी हल्ला झाला आणि सुरक्षेच्या कारणास्तव त्या वर्षीचा लियाँचा महोत्सव रद्द करावा लागला. प्रकाशचित्रे नव्हती, प्रवासी नव्हते. मात्र ८ डिसेंबरला मृतांच्या स्मरणार्थ खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. २०२० मध्ये महामारीने पुन्हा तोच प्रसंग आणला. मोठा महोत्सव पुन्हा रद्द झाला, खिडकीतील मेणबत्ती मात्र पुन्हा लागली.

या घटनेतून घेण्याजोगा धडा असा की, ठेकेदाराकडून घेतलेला उत्सव ठेक्याबरोबर संपतो. लोकांच्या हाताला वळण लागलेले असेल तर उत्सव संकटातही उभा राहतो. लियाँच्या नगरपालिकेने कोट्यवधी खर्च केले म्हणून तो प्रघात टिकलेला नाही. प्रघात होता म्हणून त्या खर्चाला अर्थ प्राप्त झाला.

आपल्याकडील व्यवहार

या कसोटीवर आपल्याकडील व्यवहार पाहावा. डिसेंबर २०२२ मध्ये भारताकडे जी-२० राष्ट्रगटाचे अध्यक्षपद आले. त्या निमित्ताने मुंबईत सुशोभीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पूल, दुभाजक, पदपथ आणि झाडे रंगीबेरंगी दिव्यांनी मढविण्यात आली. झाडांच्या बुंध्यांना आणि फांद्यांना आवळून बांधलेल्या माळांविरुद्ध पर्यावरणप्रेमी नागरिकांनी आवाज उठविला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये महापालिकेने झाडांवरील दिवे उतरविण्याची पावले उचलली. म्हणजे आधी चढविण्याचा खर्च, मग उतरविण्याचा खर्च. या संपूर्ण व्यवहारात शहरातील कला महाविद्यालयांचे विद्यार्थी, कंदील करणारे कारागीर किंवा पालिकेच्या शाळांतील मुले यांना कोठेही स्थान नव्हते. त्या दिव्यांशी नागरिकाचे नाते ये-जा करणाऱ्याचे होते. ते उतरविले गेले तेव्हा आपले काही हरपले असे कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

अतिरिक्त प्रकाशाची दुसरीही एक किंमत आहे आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जगभरातील नागरिकांनी केलेल्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्के या वेगाने उजळत गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. या वेगाने आठ वर्षांत आकाशाचा उजेड दुप्पट होतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु अंधार पाहण्यासाठी अभयारण्यात जावे लागावे, ही स्थिती शहरांच्या दृष्टीने भूषणावह नाही. दिवाळी अमावास्येला येते हा योगायोग नव्हे. अंधार असतो म्हणून दिव्याला अर्थ असतो. वर्षभर झगमगणाऱ्या पुलाखाली पणतीचे तेज कोणाला जाणवणार?

गोव्याकडे पाहिले म्हणजे दुसरे चित्र दिसते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळी येथील विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात सजविलेल्या नौका सोडल्या जातात. या नौका गावोगावचे हौशी कलावंत आणि तरुण मंडळे आठवडेच्या आठवडे खपून तयार करतात. शासन उत्सवाला साहाय्य करते, पण नौका शासन बांधत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात, त्यांच्यासाठीही मुले कागद-गवत गोळा करीत हिंडतात. नाताळात गावागावांत गोठ्याचे देखावे केले जातात आणि घरोघरी चांदण्या टांगल्या जातात. यांतही दोष शिरले आहेत. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तसे तयार पुतळे विकत आणण्याचे प्रकार होऊ लागले, ध्वनिवर्धकांचा उपद्रव वाढला. तरीही हाताने करण्याची परंपरा तेथे अद्याप जिवंत आहे, हे मान्य करावे लागेल.

आक्षेप आणि उत्तर

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला असा की, सार्वजनिक रोषणाई ही गरिबाची करमणूक आहे. ज्याला तिकीट काढून नाटक पाहता येत नाही तो कुटुंबाला घेऊन दिवे पाहून येतो. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच रोषणाई मुळीच नको असे कोणी म्हणू नये. परंतु गरिबाच्या मुलाला दिवे पाहावयास मिळणे आणि स्वतः कंदील करावयास मिळणे यांत दुसरे अधिक मोलाचे आहे. सधन घरातील मूल शुल्क भरून छंदवर्गाला जाते. पालिकेच्या शाळेतील मुलाला ती संधी पालिकेनेच दिली तर मिळते, एरवी नाही. गरिबांचा कैवार घेऊन बोलावयाचे असेल तर खर्च याच बाजूला वळला पाहिजे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. ठेक्यावरील रोषणाईनेही लोकांना काम मिळते. मिळते खरे, पण अशा खर्चाचा मोठा वाटा साहित्यावर जातो आणि ते साहित्य दूरच्या कारखान्यात झालेले असते. हाताने करावयाच्या वस्तूंत मोठा वाटा मजुरीचा असतो आणि ती मजुरी त्याच गावात खर्च होते. समान रकमेत अधिक हातांना काम कोठे मिळेल, हे समजण्यास मोठ्या गणिताची जरुरी नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लोककलेत शासनाचा पैसा शिरला की तिचे सरकारीकरण होते, मंडळांवर पुढाऱ्यांचे वर्चस्व येते, असे म्हटले जाते. सार्वजनिक उत्सवांचा अलीकडचा अनुभव पाहता ही भीती निराधार नाही. रस्तोरस्ती लागणाऱ्या कंदिलांवर शुभेच्छुकांची छायाचित्रे कंदिलापेक्षा मोठी असतात, हे सर्वजण पाहतातच. यावर उपाय एवढाच की रोख अनुदानांऐवजी साधने द्यावीत. जागा, वेळ, शिक्षक आणि कच्चा माल या गोष्टींवर कोणाचेही छायाचित्र लावता येत नाही.

काय करता येईल?

यातून काही व्यवहार्य सूचना निघतात. प्रत्येक नगरपालिकेने व महानगरपालिकेने सुशोभीकरण व रोषणाई यांवर केलेला खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दाखवून तो दरवर्षी प्रसिद्ध करावा. आज हा खर्च उद्याने, रस्ते, विद्युत अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असल्यामुळे नागरिकाला त्याचा अंदाजच येत नाही. या खर्चाचा निश्चित वाटा, निदान चौथा हिस्सा, प्रभागातील शाळांत दिवाळीपूर्वी कंदील, पणत्या व किल्ले यांच्या कार्यशाळा घेण्यासाठी राखून ठेवावा आणि त्या शिकविण्यासाठी स्थानिक कारागिरांना योग्य मानधन द्यावे. कारागिराला गिऱ्हाईक मिळणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याला शिष्य मिळणे महत्त्वाचे आहे.

पालिकेच्या शाळांची सभागृहे व मोकळे वर्ग नोव्हेंबर ते जानेवारी या काळात संध्याकाळी हौशी नाट्यमंडळे, भजनी मंडळे आणि वाचनालये यांना नाममात्र भाड्याने द्यावेत. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेने मराठी रंगभूमीला किती नट आणि नाटककार दिले हे सांगावयास नको. त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या शाळेच्या वर्गात, बाके बाजूला सारून केलेल्या तालमीत झाली असेल. ही इमारत संध्याकाळी रिकामीच असते. तिचा दिवा लावण्यास जो खर्च येईल तो पुलावरील एका रात्रीच्या रोषणाईपुढे नगण्य ठरेल.

त्याबरोबरच रोषणाईला काळाची मर्यादा घालावी. सणाचे दिवस ठरलेले असावेत, रात्री ठराविक वेळी दिवे मालवावेत आणि झाडांना माळा गुंडाळण्याची प्रथा कायमची बंद करावी. २०२२ च्या हिवाळ्यात ऊर्जेची टंचाई भासली तेव्हा युरोपातील अनेक शहरांनी नाताळच्या रोषणाईचे तास कमी केले. त्यामुळे नाताळ फिका पडला नाही.

या सूचना अमलात आणण्यास नवा कायदा नको की नवा कर नको. पाहिजे ती एवढीच दृष्टी की, सार्वजनिक पैसा दुर्मीळ वस्तूवर खर्च करावयाचा असतो, विपुल वस्तूवर नव्हे. पूर्वी प्रकाश दुर्मीळ होता, हात भरपूर होते. म्हणून दात्यांनी दीपमाळा बांधल्या आणि गावाने तेल घातले; त्या काळाच्या मानाने तो शहाणपणाचा खर्च होता. आज स्थिती बरोबर उलटी आहे. प्रकाश कोणत्याही दुकानात हवा तितका मिळतो. मिळत नाही ती शिकविणाऱ्याची सवड, करणाऱ्याची जागा आणि एकत्र बसण्याचे निमित्त. आजची दीपमाळ बांधावयाची ती या तीन गोष्टींची.

शिक्षकवर्गाला आणि विद्यार्थ्यांना यासाठी नगरपालिकेच्या ठरावाची वाट पाहण्याचेही कारण नाही. सहामाही परीक्षेनंतर आणि सुटी लागण्यापूर्वी प्रत्येक शाळेत दोन-तीन दिवस मोकळे मिळू शकतात. वर्गातील प्रत्येक मुलाने त्या दिवसांत स्वतः एक कंदील केला आणि तो आपल्या दारी लावला, तर पुढच्या दिवाळीत त्या वस्तीतील रोषणाईचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवावा लागणार नाही. ते कंदील वेडेवाकडे असतील, त्यांचे कागद एखाद्या कोपऱ्यात सुटलेले असतील. तरीही त्या वस्तीतील प्रत्येक घराला आपला दिवा कोणता हे ओळखता येईल.